‘नाराजी’ कुठे संपते आणि ‘बंड’ कुठे सुरू होतं

प्रश्न धुळ्याहून आला आहे. विचारणारे एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर दीड वर्षापासून उपसंपादक आहेत. ते लिहितात: “राष्ट्रीय फुटबॉल संघाचा मॅनेजर आणि खेळाडू यांच्यात बिनसल्याच्या बातम्या एजन्सीकडून सारख्या येतात. इंग्लंडच्या टुखेलच्या मुलाखतीवरून मी ‘बेलिंगहॅमचे वर्तन किळसवाणे’ असं शीर्षक दिलं. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने फोन करून चांगलंच झापलं. माझं नेमकं कुठे चुकलं? आणि अशा बातम्यांतलं किती खरं मानायचं?”

तुमचं शीर्षक चुकलं हे खरं. पण त्या वाचकाने सगळा राग तुमच्यावर काढला असेल तर थोडा अन्याय झाला. हीच चूक तुमच्या आधी लंडनच्या मोठमोठ्या डेस्कांनी करून ठेवली होती. तुमच्यापर्यंत ती शिजूनच आली, तुम्ही फक्त वाढली.

मी जळगावात क्रीडा पानावर २७ वर्षं काढली. रुजू झालो तेव्हा टेलिप्रिंटरची घरघर अजून थांबलेली नव्हती. एकही विश्वचषक मैदानात बसून पाहिला नाही, भांडणं मात्र सगळी माझ्या टेबलावरून गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक किरकोळ गोष्ट. तुम्ही ‘मॅनेजर’ लिहिलंय. इंग्लंडमध्ये संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा तो मॅनेजर. आपल्याकडे जिल्हा संघाचा मॅनेजर म्हणजे मुलांची ओळखपत्रं फाइलीत सांभाळणारा, रेल्वेचं कन्सेशन काढणारा आणि परत आल्यावर बिलं जोडत बसणारा माणूस. ‘मॅनेजर आणि खेळाडूंत वाद’ असं छापलं की भुसावळच्या वाचकाला वाटतं, जेवणाच्या डब्यांवरून काहीतरी झालं असेल. ‘व्यवस्थापक’ लिहिलं तर बँक आठवते. ‘मुख्य प्रशिक्षक’ लिहा, नाहीतर सरळ ‘कोच’. मैदानावर पोरं तेच म्हणतात.

आता टुखेल, म्हणजे इंग्लंडचा जर्मन कोच. १० जून २०२५ ला इंग्लंड नॉटिंगहॅममध्ये सेनेगलकडून १-३ ने हरलं. त्यानंतर एका रेडिओ मुलाखतीत टुखेलला ज्यूड बेलिंगहॅमबद्दल विचारलं. उत्तर बरंच लांबलचक होतं आणि त्यातलं बरंचसं कौतुकच होतं. पोरात आग आहे, ती आम्हाला हवीच आहे, पण ती प्रतिस्पर्ध्याकडे वळायला हवी, सोबत्यांना दबकवण्यासाठी नको. तो हसला की सगळ्यांना जिंकतो. पण कधी कधी त्याचा संताप असा बाहेर येतो की टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या आईसारखीला ते थोडं ‘रिपल्सिव्ह’ वाटू शकतं. एकूण आशय हा.

छापताना ‘कधी कधी’ गेलं, ‘थोडं’ गेलं, आई गेली. उरला एकटा शब्द, आणि तो शब्द एका जर्मन माणसाने परक्या भाषेत बोलताना उचललेला. पुढे टुखेलने त्या शब्दाबद्दल जाहीर माफी मागितली, तो अनवधानाने गेला म्हणाला, इंग्रजी आपली मातृभाषा नाही याचीही आठवण दिली. पण तोवर तुमच्या धुळ्यात तो ‘किळसवाणा’ होऊन छापून झाला होता. शब्दकोशात पाहिलं तर तुमचा अर्थ चूक नाही. पण किळस आपल्याला कशाची येते? उकिरड्याची, ताटात निघालेल्या केसाची. एखाद्या पोराच्या रागाची आपल्याला किळस येत नाही. एखादी आई टीव्हीवर तसा राग पाहून काय म्हणेल? “मला नाही बाई ते बघवत.” टुखेलला म्हणायचं होतं ते बहुधा एवढंच.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. याहून वाईट मी केलंय, आणि तेसुद्धा परक्या भाषेमुळे नाही, आपल्याच अहिराणीमुळे.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. शालेय फुटबॉलची जिल्हा स्पर्धा होती. पारोळ्याकडचा एक गोलरक्षक, फार चपळ पोरगा. उपांत्य सामन्यात कोचने त्याला दुसऱ्या सत्रात बाहेर काढलं. रेषेबाहेर येऊन तो हातमोजे आपटत म्हणाला, “सरनं डोकं फिरी गयं!” मी दोन हातांवर वही घेऊन उभा. दुसऱ्या दिवशी चौकटीत छापलं: ‘प्रशिक्षकाचे डोके फिरले, गोलरक्षकाचा आरोप’. अहिराणीत ते वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. आजी नातवाला म्हणते, बायको नवऱ्याला म्हणते. प्रमाण मराठीत, ठळक टाइपात, ‘आरोप’ हा शब्द शेपटीला लावून ते वाक्य पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीसारखं दिसायला लागलं. शाळेने मुलाच्या वडिलांना बोलावून घेतलं. मुलाने अंतिम सामना खेळला नाही.

दोन दिवसांनी ते कोच कार्यालयात आले. ओरडले नाहीत. समोर बसले, आलेला चहा प्यायले आणि म्हणाले, “तो पोऱ्या मना घर जेवाले येस. नि तुम्ही हाई काय छापी टाकं?” मी खुलासा छापतो म्हणालो. त्यांनी हात हलवला आणि उठले. ते कात्रण माझ्या खणात अजून आहे.

एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना वाक्याचं असं होतं, तर फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येताना काय होत असेल याचा विचार करा. याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्याच पाळीत आलं.

२०१० चा विश्वचषक, दक्षिण आफ्रिका. १७ जूनला पोलोक्वानेत फ्रान्स मेक्सिकोकडून ०-२ हरला. मध्यंतराला कोच रेमों दोमेनेक आणि आघाडीवीर निकोला अनेल्का यांच्यात ड्रेसिंग रूममध्ये शब्दाला शब्द झाला. दुसऱ्या सत्रात अनेल्का उतरलाच नाही. १९ जूनला ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाने पहिल्या पानावर अनेल्काचा फोटो आणि त्याच्या तोंडची शिवी अवतरणचिन्हांत छापली. राष्ट्रीय दैनिकाच्या पहिल्या पानावर, भल्या मोठ्या अक्षरांत. त्याच दिवशी फ्रेंच महासंघाने त्याला घरी पाठवलं. पत्रकार परिषदेत कर्णधार पॅट्रिस एव्हरा म्हणाला की खरा प्रश्न अनेल्काचा नाहीच, आपल्यातल्या फितुराचा आहे. आतली गोष्ट बाहेर कोणी नेली, याचा शोध सुरू झाला.

२० जूनला, संघाचा मुक्काम होता त्या नायस्ना गावी, खेळाडू सरावाला आले, प्रेक्षकांना सह्या दिल्या, एव्हराचं तंदुरुस्ती प्रशिक्षक दुव्हेर्नशी वाजलं, आणि सगळे बसमध्ये जाऊन बसले. पडदे ओढून. सराव नाही. खेळाडूंचं निवेदन मैदानावर वाचून दाखवलं ते खुद्द दोमेनेकने, ज्याच्याशी भांडण झालं त्याच माणसाने. इतकी विचित्र घटना मी पुन्हा पाहिली नाही. २२ तारखेला यजमानांकडून १-२ हरून फ्रान्स गटात तळाला राहिला, तीन सामन्यांत एक गुण. पुढे अनेल्कावर १८ सामन्यांची बंदी आली, एव्हरावर पाच, रिबेरीवर तीन, तुलालांवर एक.

आता मुद्द्याचं. अनेल्का पहिल्यापासून सांगत होता की ते शब्द माझे नाहीत. तो कोर्टात गेला आणि हरला. पण बऱ्याच वर्षांनी दोमेनेकनेही मान्य केलं की छापलेले शब्द नेमके तसेच्या तसे उच्चारले गेले नव्हते. म्हणजे भांडण झालं हे खरं, पोरगा कोचला उलट बोलला हेही खरं, आणि जगभर गाजलेलं ते वाक्य मात्र बंद दारामागून कोणीतरी आठवून सांगितलेलं. अवतरणचिन्हं लावली की ऐकीव गोष्ट साक्ष होऊन बसते.

‘लेकिप’ची बातमी फुटली त्या रात्री आमच्या डेस्कवर इंग्रजी कॉपी आली ती फुल्यांनी भरलेली. शिवीचं काय करायचं? आमच्यातल्या एकाने फुल्यांच्या जागी अस्सल खान्देशी शिवी बसवून दाखवली. हसून हसून पुरेवाट झाली, आणि डाक आवृत्ती सुटायला पाच मिनिटं असताना मी ‘अर्वाच्य शिवीगाळ’ लिहून पान सोडलं. तेवढ्यापुरतं निभावलं. पण आज वाटतं, ‘शिवीगाळ केल्याचे फ्रेंच दैनिकाचे वृत्त’ असं लिहायला हवं होतं. तीन शब्द जास्त लागले असते, एका कॉलमात एक ओळ वाढली असती. वाचकाला कळलं असतं की हे आम्ही ऐकलेलं नाही, कोणीतरी कोणालातरी सांगितलंय.

त्या अनुभवानंतर मी डेस्कवरच्या पोरांसाठी शब्दांची एक चढण ठरवून दिली. तुम्हालाही देतो, पटली तर घ्या. खेळाडूला बदली केलं, त्याने हात झटकले, मान हलवली, तर ती नाराजी. १६ नोव्हेंबर २०२५ ला तिरानात अल्बानियाविरुद्ध बेलिंगहॅमला बाहेर काढल्यावर त्याने जे केलं ते एवढंच होतं. त्यावर टुखेल वागण्याबद्दल जे बोलला तो कोचचा सूर होता, त्यातून भांडण सिद्ध होत नाही. एकाहून जास्त खेळाडू आतल्या आत कुरकुरताहेत असं दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून कळलं तर धुसफूस. दोघांचं एकमेकांशी जमत नाही हे दोन्ही बाजूंनी समजलं तर बेबनाव. दोघंही आपल्या नावानिशी बोलले तर वाद. ‘खडाजंगी’ लिहायची तर ती ऐकणारा माणूस हवा. ‘उभी फूट’ लिहायची तर दोन्ही तटांत कोण कोण आहे हे सांगता आलं पाहिजे. आणि ‘बंड’ राखून ठेवायचं. अनेकांनी मिळून कामच थांबवलं, आदेश मोडला, तरच. नायस्नाची बस हे बंड होतं. आमच्याकडे तर आठवड्याला दोन बंडं छापून यायची. राजकारणाच्या पानाची सवय, दुसरं काय.

सूत्रांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या ‘किती खरं’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. बाजार समितीच्या किंवा जिल्हा बँकेच्या निवडणुकीआधी कोणाच्या तोंडून कोणती बातमी सुटली हे तुम्ही वास घेऊन ओळखता ना? तोच कान इथे लावा. राष्ट्रीय शिबिरात पंचवीस-सव्वीस खेळाडू. प्रत्येकाचा एजंट, प्रत्येकाचा क्लब, घरचे लोक. शिवाय महासंघाचे पदाधिकारी आणि कोचची स्वतःची माणसं. ‘संघाच्या जवळच्या सूत्रांनी’ म्हणजे यांपैकी कोणीही. करार नूतनीकरणाच्या आधी कोचच्या विरोधात बातम्या वाढल्या, तर महासंघाकडे बघा. खेळाडू बाकावर बसायला लागल्यावर ‘कोचच्या पद्धती जुन्या’ असं येऊ लागलं, तर एजंटकडे बघा. नेहमीच खरं निघतं असं नाही, पण बघायला काय हरकत आहे.

अलीकडे तर सूत्रांचीही गरज उरलेली नाही. पोलंडचं बघा. ८ जून २०२५ ला तिथल्या महासंघाने जाहीर केलं की कर्णधारपद रॉबर्ट लेवांडोव्हस्कीकडून काढून झिएलिन्स्कीला दिलं. त्याच रात्री लेवांडोव्हस्कीने समाजमाध्यमावर लिहून टाकलं की हा कोच असेपर्यंत मी राष्ट्रीय संघाकडून खेळणार नाही. १० जूनला पोलंड फिनलंडकडून १-२ हरलं, १२ जूनला कोच प्रोबिएझने राजीनामा दिला. चार दिवसांत खेळ खलास. नवे कोच यान उर्बान आले आणि कर्णधारपद परत लेवांडोव्हस्कीकडे. इथे पत्रकाराने गुपित काढलेलं नाही, दोन्ही बाजूंनी आपापली कागदं चौकात चिकटवली. अशा वेळी आपलं काम निराळं असतं: कोण आधी बोललं, किती वाजता बोललं, कर्णधारपद काढताना फोन किती मिनिटांचा झाला, लेवांडोव्हस्की शिबिरातून विश्रांतीसाठी आधीच बाहेर होता की नाही, ही साखळी नीट लावून देणं. आपल्या वाचकाला कुंबळे आणि कोहली आठवतात तेव्हा तो बरोबर आठवत असतो. जून २०१७ मध्ये कुंबळेंनी राजीनाम्याचं कारण स्वतःच लिहून टाकलं होतं: कर्णधाराला माझ्या शैलीबद्दल आक्षेप आहेत असं मला मंडळाकडून कळलं. उलट २००५ चं ग्रेग चॅपेल-गांगुली प्रकरण म्हणजे फुटलेला ई-मेल. दोन्ही भांडणंच, पण बातमी म्हणून दोन जाती.

महासंघ आपली बाजू आधी मांडतो आणि तीच बातमी होऊन बसते, हे स्पेनच्या महिलांच्या वेळी फार ठळक दिसलं. सप्टेंबर २०२२ मध्ये १५ खेळाडूंनी महासंघाला ई-मेल पाठवले की सध्याच्या परिस्थितीचा आमच्या मनःस्थितीवर आणि तब्येतीवर परिणाम होतोय, आम्हाला संघात बोलावू नका. महासंघाने लगेच निवेदन काढलं की कोचच्या पदाबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकार खेळाडूंना देणार नाही. जगभर बातमी गेली ती ‘कोचला हटवा, खेळाडूंची मागणी’ अशी. खेळाडूंनी त्यानंतर स्वतः सांगितलं की आम्ही कोणालाही काढा असं म्हटलेलं नाही. पण पहिल्या दिवशीचं शीर्षक हेच शेवटपर्यंत चालतं. २० ऑगस्ट २०२३ ला स्पेनने इंग्लंडला १-० हरवून विश्वचषक जिंकला, त्या पंधरांपैकी तिघीच संघात होत्या. मग लिहिलं गेलं, बघा, कोच विल्दाच बरोबर होता. सोळा दिवसांनी, ५ सप्टेंबरला, त्याच विल्दाला काढलं. पंधरा बायकांनी काय लिहिलं होतं ते पत्र मुळातून वाचायची तसदी तेव्हा किती जणांनी घेतली होती, देव जाणे. मी घेतली नव्हती.

निकालावरून कोण बरोबर हे ठरवण्याची खोड आपल्या पेशात फार जुनी आहे. २०१८ च्या विश्वचषकात क्रोएशियाच्या कालिनिचने नायजेरियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरायला पाठदुखीचं कारण देऊन नकार दिला, कोच दालिचने त्याला परत पाठवलं, आणि क्रोएशिया अंतिम फेरीपर्यंत गेला. दालिच खंबीर ठरला. पहिल्याच फेरीत गारद झाले असते तर तो हटवादी ठरला असता. पोर्तुगालचा कोच सांतोस याचं तर चार दिवसांत झालं. ६ डिसेंबर २०२२ ला रोनाल्डोला बाकावर बसवून स्वित्झर्लंडला ६-१ हरवलं, वाहवा. १० तारखेला मोरोक्कोकडून ०-१, आणि रोनाल्डोला का बसवलं म्हणून बोंब. माणूस तोच, निर्णयही तोच.

सगळ्यात जास्त मला सलतं ते दुसरंच. भांडण कोणाचं हे आपण लिहितो, कशावरून हे लिहीत नाही.

सायपान आठवा. तुमचा जन्म तेव्हा झाला असेल नसेल. मे २००२, विश्वचषकाच्या तोंडावर आयर्लंडचा संघ पॅसिफिकमधल्या त्या बेटावर सरावाला गेला. कर्णधार रॉय कीनने ‘द आयरिश टाइम्स’ला मुलाखत दिली, २३ मे रोजी ती छापली गेली. कोच मिक मॅकार्थीने तीच मुलाखत हातात घेऊन सगळ्यांसमोर त्याला जाब विचारला. कीनचा तोल गेला, आणि तो घरी. आयर्लंडमध्ये घराघरांत दोन तट पडले: तू कीनचा की मॅकार्थीचा? आमच्या पानावरही ‘गर्विष्ठ कर्णधार’ अशा थाटाची कॉपी गेली. पण मुलाखतीत कीन म्हणत काय होता? सरावाचं मैदान दगडासारखं टणक आहे. चेंडू आणि साहित्य वेळेवर पोचलेलं नाही. तयारी विश्वचषकाच्या लायकीची नाही. पुढे आयरिश संघटनेनेच स्वतंत्र अहवाल करवून घेतला, त्यात नियोजनाचे वाभाडे निघाले आणि संघटनेच्या प्रमुख अधिकाऱ्याला जावं लागलं. कीनची भाषा कशीही असो, मैदान टणकच होतं.

हे वाचताना तुम्हाला आपलं काही आठवत नाही? जिल्ह्याची पोरं विभागीय सामन्यांना जनरल डब्यात दाराजवळ उभी राहून जातात. सकाळी नाश्त्याला एकेक वडापाव. मैदान म्हणजे मुरूम आणि खडी. एकदा घसरला की मांडी सोलून निघते. मग हरून आल्यावर कोच म्हणतो पोरं पळत नाहीत, पोरं म्हणतात कोच शिव्या देतो, आणि आपण छापतो ‘संघात धुसफूस’. तो वडापाव कोणी छापत नाही. मी एकदा छापला होता. तीन महिने त्या संघटनेचे लोक माझ्याशी बोलत नव्हते, पण पुढच्या वर्षी मुलांना आरक्षण मिळालं. (योगायोगही असेल.)

पैशाचंही तसंच. २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात घानाच्या खेळाडूंनी मानधनासाठी अडून धरलं, तेव्हा त्यांच्या सरकारला तीस लाख डॉलरहून जास्त रोकड विमानाने पाठवावी लागली. त्याच दिवसांत मुंतारी आणि बोआटेंगला शिस्तभंगासाठी घरी धाडलं. शीर्षकं बेशिस्तीची झाली, रोकडीची बातमी गमतीदार म्हणून आतल्या पानावर.

आपल्या शेजारी बांगलादेशात हेच ताजं घडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या महिलांनी काठमांडूत दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली. जानेवारी २०२५ च्या शेवटी त्यांपैकी १८ जणींनी इंग्लिश कोच पीटर बटलरच्या हाताखाली सराव करायला नकार दिला, तो राहिला तर निवृत्त होऊ असंही सांगितलं. याला माझ्या चढणीत बंड म्हणायला हरकत नाही. बटलर टिकला, कर्णधार सबिना खातूनसह काही जणी बाहेर राहिल्या, आणि जुलैत तो संघ पहिल्यांदाच आशिया चषकाला पात्र ठरला. मराठी पानांवर ही बातमी जवळजवळ आलीच नाही. रोनाल्डोच्या तोंडावरची नाराजी मात्र आपण तीन कॉलम लावतो.

भारतीय संघाबद्दल लिहिताना जरा जास्त सांभाळा, कारण इथे वाचकाला दुसरीकडून पडताळून पाहायला फारसं काही मिळत नाही. कॉन्स्टंटाइन कोच असताना कर्णधारपद आळीपाळीने फिरत होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनविरुद्ध झिंगन, जानेवारी २०१९ च्या आशिया चषकात थायलंडविरुद्ध गुरप्रीत, बहरीनविरुद्ध प्रणय हलदर. ज्याच्या दंडावर कर्णधाराचा पट्टा नव्हता त्या छेत्रीने थायलंडला दोन गोल ठोकले आणि भारत ४-१ जिंकला. कोच आणि ज्येष्ठ खेळाडूंचं पटत नाही अशा बातम्या त्याआधीपासून होत्याच, त्यांना हा पट्टा पुरावा म्हणून जोडला गेला. बहरीनविरुद्ध अखेरच्या क्षणी पेनल्टीवर हरलो आणि कॉन्स्टंटाइन त्याच रात्री गेले. पट्टा फिरवणं ही त्यांची जाहीर पद्धत होती, हे किती कॉपींत आलं? पुढे खालिद जमील कोच झाल्यावर ऑगस्ट २०२५ च्या शिबिरात मोहन बागानचे खेळाडू आले नाहीत. अशा वेळी ‘खेळाडूंनी पाठ फिरवली’ असं बोटांवर येतंच. पण फिफाने ठरवून दिलेल्या दिवसांबाहेर खेळाडू सोडायला क्लब बांधील नसतो. खेळाडूच्या मनात काय आहे तो प्रश्नच तिथे येत नाही. भांडण क्लब आणि महासंघाचं आहे. त्या अपुऱ्या संघानेही पुढच्या काफा नेशन्स कप स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक आणला.

आणि कागदावर उभी असलेली बातमी कशी असते तेही बघून ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘द इंडियन एक्स्प्रेस’ने छापलं की कोच स्टिमाच सामन्याआधी खेळाडूंची नावं एका ज्योतिषाला पाठवत होते. त्यात ‘सूत्रांनी सांगितलं’ एवढ्यावर भागवलेलं नव्हतं. दोघांमधले संदेशच हाताशी होते, तारखांसकट. स्टिमाच जून २०२४ मध्ये गेले आणि जाताना महासंघाच्या अध्यक्षांवर तुटून पडले. काढून टाकलेला कोच खूप बोलतो, मोकळेपणाने बोलतो, आणि बऱ्याचदा खरंही बोलतो. पण ते हिशेब चुकते करणाऱ्याचं बोलणं आहे, हे एका वाक्यात वाचकाला सांगून मग छापावं.

तुम्ही म्हणाल, रात्री साडेअकराला, पानं सुटायच्या घाईत, एकट्याने चार पानं बघताना हे सगळं कोण करणार? बरोबर आहे. मीही सगळं करत नव्हतो. घाईत मी दोनच गोष्टी बघायचो. वाक्य कोणी ऐकलंय, आणि त्याच्या मागेपुढे काय होतं. एजन्सीच्या कॉपीत चौथ्या-पाचव्या परिच्छेदात पूर्ण उद्गार बहुतेक वेळा सापडतो. जागा नाही म्हणून आपण नेमका तोच कापतो, कारण कॉपी खालून कापायची सवय. त्या दिवशी तरी वरून कापा.

तुमची ती बातमी माझ्या हातात आली असती तर मी दोन कॉलमच लावली असती, फोटो हसऱ्या बेलिंगहॅमचा घेतला असता, आणि वर लिहिलं असतं: ‘ज्यूडचा संताप कधी कधी आईला बघवत नाही: टुखेल’. अक्षरं जास्त होतात, माहीत आहे. टाइप दोन पॉइंटने बारीक करायचा. आणि झापणाऱ्या त्या वाचकाचा नंबर असेल तर एकदा फोन करा, फुटबॉलची कॉपी इतकं बारीक वाचणारा माणूस धुळ्यात आहे हे मला आज कळलं.